कुणाच्या पायांनी पाच मिनिटं?

मुंबईला बदली झाली की माणूस पहिल्यांदा रेल्वेचा नकाशा उघडतो, ऑफिसच्या स्टेशनावर बोट ठेवतो आणि भाडं झेपेपर्यंत ते बोट पुढे सरकवत नेतो. दादर नाही, मुलुंड नाही, ठाणं जरा महागच, डोंबिवली बघू, नाहीतर मग बदलापूर. जिथं झेपलं तिथं घर. माझं म्हणणं असं की बोट ठेवायलाच चुकीच्या जागेपासून सुरुवात होते. ज्याला ऑफिसला जायचंय तो सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि रात्री आठला परततो. उपनगरात तो फक्त झोपतो. तिथं राहतात ती मागं उरलेली माणसं. म्हातारं माणूस, शाळेतलं पोर आणि पुष्कळ घरांत गावाकडची नोकरी सोडून आलेली बाई. उपनगर निवडायचं ते त्यांच्या सोयीनं, आणि त्यातही ज्याला सर्वांत कमी चालवतं त्याच्या.

मी एका बँकेत अधिकारी आहे. मिरजेहून फोर्टातल्या कार्यालयात बदली झाली, नवऱ्याला महाप्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, मुलगी सहावीत जाणार होती. चौथ्या आमच्या सासूबाई, म्हणजे आई. त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, तरी मिरजेत त्या रोज सकाळी पिशवी घेऊन लक्ष्मी मार्केटला जाऊन येत. भाजी हा बहाणा. वाटेत दोन-चार ठिकाणी टेकायचं, कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या घराची वाटणी झाली, हे सगळं गोळा करून आणायचं, ते त्यांचं वर्तमानपत्र. ते बंद पडलं तर आई मुंबईत टिकणार नाहीत आणि मग आमच्यापैकी कुणीच टिकणार नाही, एवढं मला मिरजेतच कळत होतं.

बँकेतल्या सहकाऱ्यांचं गणित वेगळं होतं. बँकेतली माणसं, त्यामुळे तोंडी हिशेब पक्का. “भाडं म्हणजे पैसे पाण्यात. तेवढ्या हप्त्यात बदलापूरला स्वतःचा वन बीएचके होतो.” हप्त्याचं गणित मी रोज लोकांना समजावून सांगते, त्यात मला काही शिकायचं नव्हतं. तरी बदलापूरला गेलो. घर मोठं, उजेड भरपूर, खिडकीतून उल्हास नदी. एजंटाच्या तोंडी ‘रिव्हर व्ह्यू’ हा शब्द सारखा येत होता. आम्हा मिरज-कोल्हापूरच्या लोकांना मात्र त्या नदीची ओळख निराळी आहे. २०१९ च्या जुलैत मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर माणसं रात्रभर डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बोटींतून काढलं. आमच्या गल्लीतल्या लोकांनी ते टीव्हीवर जीव मुठीत धरून बघितलं होतं. खिडकीतली नदी दाखवणाऱ्याला मी विचारलं, पाणी कुठवर येतं? तो म्हणाला, “इथं? कधीच नाही, मॅडम.”

हा प्रश्न एजंटाला विचारून उपयोग नसतो, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नसतो; त्यालाही इमारतीचा भाव सांभाळायचा असतो. मी पिठाच्या गिरणीत जाते. गिरणीवाल्यानं मोटर जमिनीपासून किती उंचावर बसवलीय ते बघते. कुठं वीतभर, कुठं गुडघाभर, आणि एका ठिकाणी (गावाचं नाव नको) माझ्या कमरेच्या वर लोखंडी चौकटीवर होती. त्याला काही विचारावं लागलं नाही. मेडिकलवाल्याचा फ्रिज, किराणावाल्याची सर्वांत खालची फळी, हे सगळं खरं बोलतं. आणि शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघावं. आपल्याकडे बदल्या उन्हाळ्यात होतात, शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणून सगळे एप्रिल-मेमध्ये घरं बघतात. त्या दिवसांत नाला म्हणजे एक कोरडी चर असते.

मग घोडबंदर रोड. तिथल्या टॉवरांची शोभा नाकारण्यात अर्थ नाही. पोहण्याचा तलाव, बाग, खेळायला जागा, दारात वॉचमन. मुलगी हरखून गेली. एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभ्या राहून सासूबाईंनी खाली बघितलं, कठडा घट्ट धरला आणि विचारलं, “हितं भाजीवाली कुठं बसती?” एजंट म्हणाला, “आजी, ॲपवर मागवायची. दहा मिनिटांत दारात.” आई काही बोलल्या नाहीत. खाली उतरल्यावर फाटकाबाहेर पडून त्यांनी रस्ता बघितला. पलीकडे दुकानं होती, मधे घोडबंदर रोड होता. अवजड ट्रक, कंटेनर, मेट्रोचे खांब, पत्र्याचे अडथळे. पलीकडे जायला पूल होता तो बराच लांब, आणि त्याच्या पायऱ्या बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या घराचा विषय तिथंच मिटला.

‘स्टेशनपासून पंधरा मिनिटं’ ही त्या रस्त्यावरची दुसरी गंमत. पंधरा मिनिटं लागतात, रात्री दीडला. सकाळी नऊला तोच रस्ता किती वेळ घेईल हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून घर बघायला रविवारी जाऊ नये. सगळे रविवारीच जातात, कारण सुट्टी त्याच दिवशी. आणि रविवारी रस्ता मोकळा, रेल्वेवर मेगाब्लॉक; दोन्ही बाजूंनी खोटं चित्र. एक दिवस रजा टाकून मंगळवारी सकाळी साडेआठला त्या फाटकाबाहेर उभं राहावं.

‘मेट्रो येतेय ना’ हे उत्तर मला मुंबईत जितक्या वेळा मिळालं तितकं दुसरं कुठलं मिळालं नाही. येतेय, नाही कोण म्हणतंय? वडाळा–कासारवडवली मेट्रोची पायाभरणी २०१६ च्या डिसेंबरात झाली. नवी मुंबईत बेलापूर–पेंधर या जेमतेम अकरा किलोमीटरच्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि प्रवासी बसले २०२३ च्या नोव्हेंबरात. काम सुरू झालं तेव्हा पहिलीत गेलेलं पोर गाडी सुटेपर्यंत बारावीच्या पुढं गेलं. सरकारनं प्रकल्प करू नयेत असं नाही. पण भाड्यानं राहणाऱ्यानं येणाऱ्या मेट्रोचे पैसे आजच्या भाड्यात का मोजावेत? आज जी गाडी आहे तिच्यावर घर निवडावं.

बाहेरगावच्या माणसाच्या आणखी एक गोष्ट लवकर लक्षात येत नाही. आपण ज्याला सरसकट ‘मुंबई’ म्हणतो त्या महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. मुलुंड संपलं आणि ठाणं लागलं की पाण्याचा मालक बदलतो, कचऱ्याचा बदलतो, शाळेचा आणि दवाखान्याचाही बदलतो. नवी मुंबईकडे स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे; ठाण्याला बरंचसं पाणी दुसऱ्या यंत्रणांकडून घ्यावं लागतं. हा फरक घराच्या जाहिरातीत नसतो, तो उन्हाळ्यात टँकरच्या बिलात दिसतो आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर चढतो. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे घरकाम करणाऱ्या बाईला विचारावं. ती चार इमारतींत काम करते, चारही ठिकाणच्या टाक्या तिला पाठ असतात. मी विचारलं तेव्हा एका बाईनं मला उभ्या उभ्या पूर्ण कॉम्प्लेक्सचा पाण्याचा हिशेब दिला, शेवटी म्हणाली, “बी विंगमध्ये घ्या, ए विंगला प्रेशर नाही.”

नवी मुंबईतलं नेरूळ आईंना आवडलं होतं, मलाही. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, ते उभारायला १९७० मध्ये सिडको झाली, आणि नेरूळसारख्या जुन्या नोडमध्ये अजून फूटपाथ आहेत, बागा आहेत, सेक्टरमध्येच बाजार आहे. चालणाऱ्या माणसाचा विचार कागदावर तरी झालेला होता आणि तो उतरलेला दिसतो. पण आम्हाला हवी तशी तळमजल्याची किंवा लिफ्टची जागा जिथं मिळत होती तिथलं डिपॉझिट झेपत नव्हतं.

डोंबिवलीला एका एजंटानं सांगितलं, “आजी, स्टेशन पाच मिनिटं.”

“कुणाच्या पायांनी?” सासूबाई म्हणाल्या.

तो हसला आणि म्हणाला, “बाइकवर, आजी.”

तो प्रश्न मला इतका पटला की पुढं प्रत्येक ठिकाणी मी तोच विचारत गेले. कारण ही मिनिटं नेहमी कुणातरी धडधाकट तरुण पुरुषाची असतात, हातात पिशवी नसलेल्या, पाऊस नसताना निघालेल्या. सासूबाईंची पाच मिनिटं म्हणजे अडीचशे पावलं, एक बसायची जागा आणि फार तर दोन पायऱ्या. मुलीची पाच मिनिटं म्हणजे मोठा रस्ता न ओलांडता जेवढं जाता येईल तेवढं. माझी पाच मिनिटं रात्री नऊला वेगळी होतात. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, यावर.

शेवटी घर मिळालं ठाणे पूर्वेला, कोपरीत. ‘ठाण्यात राहते’ म्हटलं की लोकांना नौपाडा किंवा टॉवर आठवतात, कोपरी कुणाला आठवत नाही. जुनी इमारत, तळमजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल येते. मिरजेतला सोफा दारातून आत जाईना म्हणून दिराकडे ठेवून आलो. नवऱ्यानं पहिल्यांदा घर बघितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. पण दारातून बाहेर पडलं की भाजीवाले ओळीनं बसलेले, कोपऱ्यावर गिरणी, तिच्या शेजारी दवाखाना, थोडं पुढं देऊळ आणि देवळाबाहेर कट्टा. मोठा रस्ता एकही ओलांडायचा नाही. मुलीची शाळा चालत, व्हॅनवाल्या काकांची गरज नाही.

हे असं का आहे, याचंही कारण आहे. ठाण्याला रेल्वे आली १८५३ मध्ये, देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. स्टेशनाभोवतीची वस्ती वाढली ती पायी चालणाऱ्या लोकांची. चेंदणीचा कोळीवाडा, मीठबंदराकडं जाणारा रस्ता, सगळं माणसाच्या पावलाच्या मापाचं. डोंबिवली, कल्याण, विलेपार्ले यांची जुनी अंगं अशीच आहेत. जी उपनगरं महामार्गाच्या कडेनं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उठली ती गाडीच्या मापाची आहेत, मग त्यात राहणाऱ्या निम्म्या माणसांना गाडी चालवता येत नसली तरी. घर शोधताना ‘नवीन की जुनं’ हा वाद घालण्यापेक्षा, ही वस्ती कशाच्या मापानं वाढली एवढं बघितलं तर पुष्कळ उलगडतं.

कमावत्या माणसांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांचं बघावंच लागतं, पण त्याला लोक देतात तेवढं वजन देण्याची गरज नाही. किलोमीटर मोजण्यापेक्षा गाडी कुठून सुटते ते बघावं. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकल आहेत. वेळेवर गेलं तर बसायला मिळतं आणि तासाभरात सीएसएमटी. फास्टनं दहा-पंधरा मिनिटं वाचतात, पण कर्जत-कसाऱ्याकडून भरून आलेल्या फास्टमध्ये ठाण्याला पाय ठेवायला मिळाला तर नशीब. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्या बातमीनंतर आमच्या डब्यात फास्ट सोडून स्लोनं येणाऱ्या बायका वाढल्या होत्या. नवऱ्यासाठी ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याच्या पूर्वेकडच्याच फलाटांवरून सुटते, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. नवरा-बायको दोघांची ऑफिसं दोन दिशांना असतील तर ठाणे, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी अशा सांध्याच्या ठिकाणी राहावं. जागा लहान मिळेल, पण रोज कुणा एकाचा बळी जाणार नाही. आणि खरं सांगायचं तर प्रवासाची सवय महिन्या-दीड महिन्यात होते. डब्यात ओळखी होतात, कुणी मटार सोलतं, कुणी हळदीकुंकू करतं. घरात एकटं पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला असा डबा नसतो.

आता एक अडचणीची गोष्ट. मी हे सगळं लिहू शकते, कारण माझ्याकडे बँकेचा पगार आहे आणि भाडं भरण्याची ऐपत आहे. दिवा, नालासोपारा, टिटवाळ्याकडे लाखो कुटुंबं राहतात ती काही गिरणीची मोटर बघायला विसरली म्हणून नव्हे. तेवढ्या पैशांत तिथंच घर मिळतं. कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदपत्रांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण सर्वांना माहीत आहे. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचे आदेश दिले, तेव्हा आत राहणाऱ्यांनी बँकेचं कर्ज काढलेलं होतं, नोंदणी केलेली होती, मुद्रांक शुल्क भरलेलं होतं. सामान्य माणसानं जे जे तपासायचं ते तपासूनही तो फसतो, तर ‘नीट बघून घर घ्या’ हा उपदेश त्याला कुठल्या तोंडानं करायचा? ज्याच्यासमोर दोन पर्याय आहेत त्याच्याशीच मी बोलतेय. बाकीच्यांशी बोलायचं काम महापालिकांचं आणि सरकारचं आहे, आणि ते बोलत नाहीत.

म्हणून पर्याय असेल त्यानं पहिलं वर्ष तरी भाड्यानं काढावं, असं मी मिरजेहून फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बँकेत असूनही सांगते. अकरा महिन्यांचा करार करावा, तो नोंदवून घ्यावा. नोंदणीची जबाबदारी महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकावर टाकलेली आहे, ‘नोटरीवर भागतं’ असं तो म्हणाला तरी ऐकू नये. एजंट एका महिन्याचं भाडं घेईल, शिवाय ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारेल. कुठं ‘आडनाव काय’ यावर संभाषण थांबेल. मराठी माणसाला महाराष्ट्रात घर नाकारलं जातं यावर वर्तमानपत्रांत बरंच छापून आलंय. मला इतकंच दिसलं की जिथं हे प्रश्न आधी विचारले जातात तिथं आई कट्ट्यावर कुणाशी बोलल्या नसत्या. मी त्या सोसायट्यांचे आभार मानते, वेळ वाचला.

आणि एक मागणी आहे, ती महारेराकडे. २०२३ च्या ऑगस्टपासून गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. कोड स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती निघते, चांगली सोय आहे. त्याच जाहिरातीत वरती ठळक अक्षरांत ‘स्टेशन ५ मिनिटं’ छापलेलं असतं. ती मिनिटं कुणाच्या पायांनी मोजली ते मात्र कुठं लिहिलेलं नसतं. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली लोकांना फसवू नये म्हणून कायद्यानं कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये सांगायला लावला. तसंच अंतरही मीटरमध्ये सांगायला लावा, फाटकापासून तिकीट खिडकीपर्यंत, पायी, पुलाच्या पायऱ्या धरून. शाळा, दवाखाना, बाजार यांचंही. शिवाय महापालिकेचं पाणी त्या इमारतीला आज किती वेळ मिळतं, तेही. बिल्डरला अवघड नाही. त्याच्याकडं नकाशे असतात, मोजणीची माणसं असतात. ज्या महापालिकेनं टॉवरला परवानगी दिली तिनं फाटकापासून बसथांब्यापर्यंत फूटपाथ आहे की नाही हे त्याच कागदावर लिहून सही करावी. फूटपाथ नसेल तर ‘नाही’ लिहावं. ते वाचूनही ज्याला घ्यायचंय तो घेईल.